‘हे मी काय बोलून गेलो?’

कविता लिहू पाहणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळा मिळणारा सल्ला म्हणजे, ‘मनात आहे ते कागदावर उतरव, मोकळं वाटेल.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि मोकळं वाटतंही. पण या सल्ल्याच्या पोटात एक गृहीतक आहे आणि ते चुकीचं आहे, असं माझं ठाम मत आहे. लिहिणाऱ्याला आपल्या मनात काय आहे ते आधीपासून ठाऊक असतं, ते नुसतं आत अडकलेलं असतं आणि झाकण काढलं की बाहेर येतं, असं ते गृहीतक. प्रत्यक्षात माणसाला एक दाब तेवढा जाणवत असतो. त्या दाबाला चिकटवायला हाताशी एखादा तयार शब्द असतो: दुःख, प्रेम, एकटेपणा. तो शब्द लिहून झाला की दाब थोडा उतरतो, पण कळत काहीच नाही. कविता माणसाला कळायला मदत करते, आणि हे कळणं पहिल्या उमाळ्यात फार क्वचित होतं. ते होतं ओळ खोडताना, अक्षरं मोजताना, एका शब्दाच्या जागी दुसरा बसवून पाहताना. शाळांत आणि लेखनवर्गांत कविता ‘भावनांना वाट करून द्या’ एवढ्यावरच शिकवली जाते आणि कारागिरी ‘पुढे बघू’ म्हणून सोडून दिली जाते, तेव्हा नेमका शोधाचा भागच गळून पडतो.

हा क्रम फार जुना आहे. रामायणाच्या बालकांडात, दुसऱ्या सर्गात, तमसेच्या काठी व्याध क्रौंचाच्या जोडीतल्या नराला मारतो. मादी आक्रोश करते आणि वाल्मीकींच्या तोंडून ‘मा निषाद’ हा श्लोक निघतो. कविता उत्स्फूर्त असते याचा दाखला म्हणून ही कथा नेहमी सांगितली जाते. पण सांगणारे बहुधा श्लोकाशीच थांबतात. मूळ कथेत वाल्मीकी पुढे स्वतःलाच विचारतात, ‘किमिदं व्याहृतं मया?’ पक्ष्यासाठी शोकाकुल झालेला मी हे काय बोलून गेलो? मग ते बोललेल्या वाक्याकडे कारागिराच्या नजरेनं बघतात. ते चरणांत बांधलेलं आहे, त्याची अक्षरं समान आहेत, ते वीणेच्या लयीवर बसतं आहे. अनुष्टुभाचे चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरं. ही पारख झाल्यावर ते शिष्याला म्हणतात की शोकातून आलेलं हे वचन श्लोकच होवो. तोंडून निघाला होता तो शाप, म्हणजे वरवर पाहता राग. थांबून पाहिल्यावर त्याखालचा शोक दिसला, आणि बांधणी तपासून झाल्यावर त्या शोकाला रूप आणि नाव दोन्ही मिळालं. उमाळा, अचंबा, मोजणी आणि मग ओळख, असा तो क्रम आहे. आपण उमाळा तेवढा उचलला आणि पुढच्या तिन्ही पायऱ्या विसरलो.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते एका मसुद्यावर पाहू. मसुदा उदाहरणासाठी रचलेला आहे, पण या जातीचे मसुदे कुठल्याही लेखनवर्गात ढिगानं येतात. घरातलं माणूस वर्षभर अंथरुणाला खिळून मग गेलं आहे. त्याची शुश्रूषा करणारी बाई लिहिते आहे:

तुझ्या जाण्याने सारे शून्य झाले,
दुःखाचा सागर मनात दाटला,
अश्रूंना आता किनारा नाही.

यात खोटं काही नाही. पण ‘शून्य’, ‘सागर’, ‘किनारा’ हे शब्द तिनं निवडलेले नाहीत, ते आधीच रांगेत उभे होते. अशा ओळींना एक साधी परीक्षा लावावी. ही ओळ दुसऱ्या घरात, दुसऱ्या माणसाच्या मृत्यूवर जशीच्या तशी बसते का? बसत असेल तर लिहायला अजून सुरुवात झालेली नाही. तिला मोकळं वाटलं असेल, पण या तीन ओळींनी तिला स्वतःबद्दल एकही नवी गोष्ट सांगितलेली नाही.

आता तिला दुसरं काम द्यायचं. कविता बाजूला ठेवायची आणि दहा मिनिटं हात न थांबवता गद्यात लिहायचं, एकच अट पाळून: भावनेचं एकही नाव येता कामा नये. दुःख, वेदना, आठवण, प्रेम, एकाकीपण, पोकळी हे सगळे शब्द बंद. ‘जणू’ आणि ‘सारखा’ही बंद, कारण उपमा लागलीच त्या रांगेतल्या शब्दांकडे घेऊन जाते. चालतील फक्त वस्तू, जागा, वेळ आणि शरीराची हालचाल. दहा मिनिटंच का? पाच मिनिटांत तयार शब्दांचा साठा संपत नाही, आणि वीस मिनिटांत लिहिणारा दमून पुन्हा त्याच साठ्याकडे वळतो. बहुतेकांच्या बाबतीत सहाव्या-सातव्या मिनिटाच्या सुमारास सांगण्यासारखं संपतं, हात चालू ठेवायचा म्हणून काहीतरी लिहिलं जातं, आणि कामाचं ते तिथंच सापडतं. तर त्या बाईच्या कागदावर असं काही येईल:

‘खाट आवरली. औषधांचा डबा कुणाला द्यायचा ते ठरलं नाही. आता रात्री दोनला कुणी हाक मारत नाही. तरी दोनला जाग येते. उठून खाटेपाशी जाते. मग आठवतं. परत येऊन पडते. झोप लागते, गाढ.’

इथं ‘गाढ’ या शब्दावर थांबायला हवं. सागर आणि किनाऱ्यांत तो कुठंच नव्हता. तो लिहिणारीलाही खटकलेला असणार, कदाचित खोडावासाही वाटला असेल. वर्षभर तिला सलग झोप मिळाली नव्हती, ती आता मिळते आहे. तिच्या दुःखात सुटकाही आहे, आणि सुटका वाटते याची तिला लाज वाटते आहे. ‘दुःखाचा सागर’ लिहिताना ही लाज झाकली गेली होती. मसुद्यातली खोडावीशी वाटणारी जागा अधोरेखित करायची सवय लावून घ्यावी, शोध बहुधा त्या जागेखालीच असतो.

भावनांच्या नावांना बंदी घालायची ही युक्ती आधुनिक लेखनवर्गांनी शोधलेली नाही. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकारानं ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात, म्हणजे प्रकरणात, रसदोष सांगितले आहेत. त्यांतला पहिलाच दोष म्हणजे रस, स्थायी भाव (मनात टिकून राहणारा) किंवा व्यभिचारी भाव (येऊन-जाऊन असणारा) यांचा त्यांच्याच नावानं उच्चार करणं. ‘मला शोक झाला’ असं म्हटल्यानं वाचणाऱ्याला शोकाची बातमी कळते, शोक होत नाही. शोक जाणवतो तो कारणांतून आणि खुणांतून, म्हणजे विभाव आणि अनुभाव यांतून. आवरलेली खाट हा विभाव, रात्री दोनला आपोआप उठणारं शरीर हा अनुभाव. आपल्याकडे हे शास्त्र वाचकाच्या बाजूनं शिकवलं जातं, रसनिष्पत्ती कशी होते ते समजावण्यासाठी. पण लिहिणाराही आपल्या मनाचा पहिला वाचकच असतो. नाव घेऊन टाकलं की त्यालाही फक्त बातमीच मिळते.

भरतानं ‘नाट्यशास्त्रा’त आठ स्थायी, तेहेतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक (शरीरावर आपोआप उमटणारे) असे एकूण 49 भाव मोजले आहेत. तेहेतीस व्यभिचाऱ्यांची यादी प्रत्येक लिहिणाऱ्यानं एकदा तरी वाचावी, कारण आपण रोज वापरतो ती नावं किती मोजकी आणि भोंगळ आहेत ते तिथं कळतं. त्या यादीत श्रम आहे, निद्रा आहे, विबोध म्हणजे जाग येणं आहे, स्मृती आहे, व्रीडा म्हणजे लाज आहे. वरच्या आठ वाक्यांच्या मसुद्यात हे पाचही सापडतात, आणि त्या बाईनं पहिल्यांदा त्या सगळ्यांवर एकच चिठ्ठी लावली होती. शिवाय यादीत ‘अवहित्थ’ही आहे: मनातलं चेहऱ्यावर दिसू न देणं. लपवणं हाही एक भावच आहे असं इतक्या जुन्या काळी कुणीतरी नोंदवून ठेवलं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. ‘मनातलं बाहेर काढ’ म्हणणाऱ्या सल्ल्यात या भावाला जागाच नाही. काही कविता लपवण्याविषयी असतात, आणि लपवणं कसं चाललं आहे हे नेमकं लिहिणं हासुद्धा आत्माविष्कारच आहे.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती आणखी एक हत्यार आहे, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ते म्हणजे मराठीचं व्याकरण. आपल्या भाषेत भावना बहुतेक वेळा आपल्याकडे चालून येते. मला राग आला, मला रडू आलं, मला आठवलं, मला झोप लागली. कर्ता ती भावना, आपण नुसते ‘मला’. पण तेच दुसऱ्या बाजूनंही म्हणता येतं: मी रागावले, मी रडले, मी आठवण काढली, मी झोपले. आणि तिसरी पायरी: मी राग धरला. राग ‘येणं’ आणि राग ‘धरणं’ यांत जबाबदारीचा केवढा फरक आहे! मसुदा झाल्यावर प्रत्येक क्रियापद असं उलटून पाहावं. बाईच्या मसुद्यात ‘जाते’, ‘येऊन पडते’ ही तिची स्वतःची क्रियापदं आहेत, पण ‘जाग येते’, ‘आठवतं’ आणि ‘झोप लागते’ ही तीन तिच्यावर येऊन पडणारी आहेत. शेवटचं उलटून ‘मी झोपते’ असं लिहिलं तर? वाक्य एकदम बोचतं. बोचतं म्हणजे बोट दुखऱ्या जागी पडलं. मग कवितेत कुठलं रूप ठेवायचं ते तिनं ठरवावं. ‘झोप लागते’ ठेवलं तरी आता ते समजून ठेवलेलं असेल.

वाक्याच्या शेवटाचंही तसंच. मराठीत नकार शेवटी येतो, त्यामुळे ओळ त्याच्या आधी तोडता येते:

मी तुला माफ केलं
नाही.

पहिल्या ओळीपुरती माफी खरी असते. पुढच्या ओळीत ती मागे घेतली जाते. एका ओळीत लिहिलं तर ते निवेदन होतं, दोन ओळींत तोडलं तर त्यातली घालमेल दिसते. मुक्तछंदात ओळ तोडणं हेच मुख्य बंधन असतं. जिथं श्वास संपला तिथं तोडलं, कागदाची रुंदी संपली तिथं तोडलं, असं करून भागत नाही. प्रत्येक तुटीला कारण हवं. तपासायची रीत सोपी आहे: सगळी कविता सलग गद्यासारखी लिहून काढा आणि वाचा. काहीच हरवलं नाही असं वाटलं तर ओळी उगाच तोडल्या होत्या.

आता बंधनाकडे. बंधनानं भावनेचा गळा आवळला जातो, अशी तक्रार नेहमी होते. ती मला मान्य नाही. बंधन पहिल्या शब्दाला आत येऊ देत नाही आणि दुसरा, तिसरा, पाचवा शब्द शोधायला लावतं, एवढंच ते करतं. बाईचा मसुदा आठ अक्षरांच्या चरणांत बसवून पाहू. अक्षरं मोजताना जोडाक्षर एकच धरायचं आणि ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही. पहिला प्रयत्न असा होईल:

हाक नाही रात्रभर,
तरी दोनला मी जागी.
रिकाम्या त्या खाटेपाशी
उभी, सुटलेली, दोषी.

मोजून पाहिलं तर चारही चरण आठ-आठ अक्षरांचे आहेत, पण दोन जागा कच्च्या आहेत. तिसऱ्या चरणातला ‘त्या’ निव्वळ भरणा आहे. आठ भरत नाहीत म्हणून घातलेला. ‘त्या’, ‘च’, ‘हो’, ‘ते’ अशी भरताड अक्षरं पहिल्या खर्ड्यात येणारच, दुसऱ्यात ती एकेक करून काढायची. ‘रिकाम्या’ही सांगून टाकतं. खाट रिकामी कशी आहे? आवरलेली आहे. ‘आवरल्या खाटेपाशी’ केलं की आठ अक्षरं भरतात, भरणा जातो, आणि ती कुणीतरी आवरली, बहुधा हिनंच, हेही आत येतं. दुसरी कच्ची जागा चौथ्या चरणात आहे. ‘सुटलेली, दोषी’ ही सहा अक्षरं भावनांची नावं घेऊन मोकळी झाली आहेत. आरोपपत्र वाचल्यासारखं वाटतं. दोन्हींचं काम करील असा एकच शब्द हवा. ‘मोकळी’ चालेल का? त्यात दोष नाही. ‘रिती’? त्यात सुटका नाही. ‘हलकी’? भार उतरलेली ती हलकी आणि मनानं क्षुद्र तीही हलकी. मराठीनं हे दोन अर्थ एकाच शब्दात ठेवलेले आहेत.

हाक नाही रात्रभर,
तरी दोनला मी जागी.
आवरल्या खाटेपाशी
उभी, हलकी होऊन.

ही थोर कविता आहे असं मी म्हणत नाही. पण ‘दुःखाचा सागर’ ते ‘हलकी’ या वाटेवर तिला आपली नेमकी अवस्था सापडली, आणि ती सापडली आठ अक्षरांच्या तंगीत. तंगी नसती तर तिनं ‘सुटल्यासारखंही वाटतं आणि अपराधीही वाटतं’ असं लिहून विषय संपवला असता.

प्रत्येक बंधन वेगळ्या कामाला येतं. मोठ्या अभंगाचे चरण 6, 6, 6 आणि 4 अक्षरांचे. तो शेवटचा चार अक्षरांचा चरण फार कडक असतो, त्यात टाळाटाळीला जागाच उरत नाही. ज्याला निर्णय करता येत नाही आहे, एखाद्या माणसाशी किंवा देवाशी भांडण आहे, त्यानं अभंग लिहून पाहावा. मनात एकच गोष्ट घोळत राहत असेल तर गझल. रदीफ, म्हणजे शेवटचा ठरलेला शब्द किंवा शब्दसमूह, प्रत्येक शेराच्या शेवटी तोच परत येतो आणि दर वेळी त्याच्या आधी नवं काही तरी आणावं लागतं. घोळणं तसंच राहतं, पण त्याच्या बाजू बदलत जातात. पाचव्या शेरापर्यंत रदीफाचा अर्थ जराही हललेला नसेल, तर गझल जमली नाही आणि घोळही सुटला नाही. हायकू 5-7-5 अक्षरांचा. तो भावनेच्या खोलात शिरायला फारसा उपयोगी नाही, पण डोळ्यासमोरची वस्तू नीट पाहायला शिकवतो, म्हणून नवख्याला तो आधी द्यावा.

यमकाबाबत मात्र सावध राहावं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि त्यांची रूपं सारखी असतात, त्यामुळे येते-जाते-होते, आहे-पाहे-राहे अशी यमकं फुकट मिळतात. फुकटात आलेल्या यमकाला काही शोधावं लागत नाही, म्हणून त्यातून काही सापडतही नाही. मन-क्षण-जीवन हेही तसंच. यमकासाठी दहा शब्दांची यादी करावी आणि पहिले तीन काढून टाकावेत, ते सगळ्यांनाच सुचतात. आणि यमक जुळवण्यासाठी न घडलेलं काही लिहिलं गेलं, ‘रात’ आहे म्हणून ‘हात’ आला आणि कुणी हात धरलाच नव्हता, तर ते यमक मोडावं. नाद चुकला तरी चालेल, पण घडलेलं बदलता कामा नये.

लिहिण्यानं मनाला खरंच काही होतं का, यावर संशोधन झालेलं आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी नीट वाचायला हवं. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं आपल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवावर लिहिलं. लिहून झाल्याबरोबर त्यांना बरं वाटलं नाही, उलट जास्त खिन्न वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत, घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी आरोग्यकेंद्रात कमी वेळा गेले. त्यानंतर अशा प्रयोगांची रांग लागली. सगळ्यांचा एकत्रित हिशेब मांडल्यावर परिणाम दिसतो, पण लहान दिसतो. आणि हे सगळं गद्यलेखन होतं, कविता नव्हे. त्यामुळे ‘कविता लिहिल्यानं आजार बरे होतात’ असं कुणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

या संशोधनातला एक बारकावा मात्र आपल्या कामाचा आहे. ज्यांना फायदा झाला, त्यांच्या लेखनात पहिल्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत ‘कारण’, ‘म्हणून’, ‘लक्षात आलं’ या वळणाचे शब्द वाढत गेले होते. पुढे असंही आढळलं की सर्वनामं बदलत राहणं, म्हणजे कधी ‘मी’ तर कधी दुसऱ्या कुणाच्या बाजूनं लिहिणं, हे सुधारणेशी जोडलेलं होतं. जे तीच गोष्ट त्याच शब्दांत, त्याच ‘मी’मधून उगाळत राहिले, त्यांना तेवढा उपयोग झाला नाही. उमाळा पुन्हा पुन्हा ओतत राहणं आणि त्याच मजकुरावर काम करणं, यांतला फरक इथंही दिसतो. अभंगातली नाममुद्रा आता या नजरेनं पाहा. ‘तुका म्हणे’, ‘जनी म्हणे’. सगळा अभंग ‘मी’मधून बोलून झाल्यावर कवी शेवटी स्वतःकडे बाहेरून, तिसरा माणूस म्हणून बघतो. गझलेच्या मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, तखल्लुस (कवीचं टोपणनाव) येतो तोही तसाच. सही करण्यापलीकडे या रिवाजाचा उपयोग आहे. जी कविता अडली आहे, तिच्या शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घालून ‘म्हणे’ लिहून पाहावं. पुढचे शब्द ‘मी’ला कधीच सुचले नसते असे येतात. नंतर ती ओळ काढून टाकली तरी हरकत नाही.

आता आणखी एक अडथळा, आणि आजच्या घडीला तो सर्वांत मोठा आहे. कविता लिहून दहा मिनिटांत ती लोकांपुढे जाते. यात नैतिक दोष काही नाही, तोटा कारागिरीचा आहे. लोक पहिल्या मसुद्यातल्या रांगेतल्या शब्दांनाच दाद देतात, कारण तेच त्यांच्या ओळखीचे असतात. ज्या ओळीला दाद मिळाली ती मग खोडवत नाही. ‘अश्रूंना किनारा नाही’ यावर शंभर जणांनी हळहळ व्यक्त केल्यावर ती बाई ‘झोप लागते, गाढ’पर्यंत कशी पोहोचणार? आता तर तिला तो शब्द जास्तच लपवावासा वाटेल. म्हणून लिहिल्यापासून सात दिवस कुणालाही दाखवायचं नाही, हा नियम मी सर्वांत वर ठेवीन. सात दिवसांनी मोठ्यानं वाचायचं. जिथं जीभ अडखळते किंवा आवाज उगाच नाटकी होतो तिथं खूण करायची. बहुतेक कवितांच्या पहिल्या दोन-तीन ओळी घसा साफ करण्यासाठी असतात आणि शेवटच्या दोन ओळी वाचणाऱ्याला समजावून सांगण्यासाठी. त्या झाकून उरलेलं वाचायचं. बहुतेक वेळा कविता तिथंच असते.

शाळेचा प्रश्न मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. वर्षानुवर्षं मुलं कवितेचा सरळ अर्थ लिहितात, अलंकार ओळखतात, रसग्रहण पाठ करतात. कविता मात्र ती एकतर लिहीतच नाहीत, किंवा दिलेल्या विषयावर स्पर्धेसाठी लिहितात. मुलांना कविता लिहायला शिकवावी, रीतसर शिकवावी, आणि तिच्यातल्या भावनेला गुण देऊ नयेत, असं माझं म्हणणं आहे. ‘भावनेला गुण नाहीत तर तपासायचं काय?’ असा प्रश्न शिक्षक विचारतात. तपासायचा खर्डा. पहिला आणि तिसरा खर्डा शेजारी ठेवायचा आणि काय बदललं, का बदललं हे मुलानं तीन वाक्यांत लिहायचं. त्या तीन वाक्यांना गुण द्या. भावनेला गुण दिले की मुलं गुण मिळवून देणाऱ्या भावना लिहायला शिकतात, आणि ते फार लवकर शिकतात.

चाळीस मिनिटांच्या तासिकेत हे बसतं. पाच मिनिटं एखादी छापील कविता दोनदा वाचायची, तिच्यावर चर्चा न करता. बारा मिनिटं भावनांची नावं टाळून गद्य. दहा मिनिटं त्यातली एक जागा निवडून चार चरण. आठ मिनिटं ज्यांना वाचायचं आहे त्यांनी वाचायचं. उरलेली पाच मिनिटं मोकळी ठेवायची, कारण कुणाचं तरी लिहून झालेलं नसतं आणि घंटेनं तोडलेली ओळ परत जुळत नाही. दोन नियम काटेकोर पाळायचे. वाचून न दाखवण्याचा हक्क प्रत्येकाला, आणि तो वापरल्याबद्दल कारण विचारायचं नाही. आणि बोलायचं ते ‘कवितेतली मुलगी’, ‘कवितेतला माणूस’ याबद्दल, ‘तू असं का केलंस?’ असं कधीही नाही. हे सर्वनामाचं अंतर मुलाला कवच देतं. ते असलं तर मूल खरं लिहितं.

त्या कवचाला एक अपवाद आहे आणि तो शिक्षकाला आधीच ठाऊक हवा. जगावंसं वाटत नाही, स्वतःला इजा करावीशी वाटते, घरात किंवा बाहेर कुणी छळतं आहे, असं काही लिखाणात दिसलं, तर त्या क्षणी ती कविता राहत नाही. शब्दयोजनेवर बोलायचं नाही, वर्गासमोर तर नाहीच. त्याच दिवशी मुलाशी एकट्यानं, शांतपणे बोलायचं, थेट विचारायचं आणि समुपदेशकापर्यंत पोहोचवायचं. मोठ्या माणसांनाही हे लागू आहे. एकाच घटनेवर आठवडेच्या आठवडे लिहून प्रत्येक वेळी आणखी खोल रुतल्यासारखं वाटत असेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर वही बंद करून माणसाकडे जावं. कविता ओळख पटवते. उपचार हे तिचं काम नाही, आणि ते ओझं तिच्यावर टाकणं दोघांवरही अन्याय आहे.

भावनेचं नाव कवितेत येऊ द्यायचं नाही म्हणजे ते कधीच घ्यायचं नाही, असं नव्हे. ते वहीच्या समासात घ्यायचं. पहिल्या खर्ड्याशेजारी पेन्सिलीनं तारीख आणि भावनेचं एक नाव लिहून ठेवावं. शेवटचा खर्डा झाल्यावर ते नाव झाकून त्याच्या खाली पुन्हा एक नाव लिहावं, आणि मगच वरचं पाहावं. दोन्ही नावं सारखीच निघाली तर पुन्हा गद्याच्या दहा मिनिटांकडे परत जावं. त्या बाईच्या वहीत वर ‘दुःख’ असेल. खाली ती काय लिहील ते सांगता येत नाही. कदाचित ‘सुटका’, कदाचित ‘लाज’, कदाचित नुसतं ‘थकले होते’.